बांबूला बांधलेला ब्रश

गेल्या शनिवारी इथल्या एका नाट्यगृहाची रंगशाळा, म्हणजे पडदे रंगवायची जागा, बघायला गेलो होतो. जर्मनीत नाटकाचे पडदे रंगवायला तीन वर्षं रीतसर शिकावं लागतं. भल्यामोठ्या हॉलमध्ये कापड जमिनीवर अंथरलेलं, आणि एक बाई नुसत्या मोज्यांवर त्यावरून फिरत आभाळ रंगवत होती. ब्रश बांबूला बांधलेला. मी तिथंच थबकलो. अहो, हे तर आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं!

आमचे धाकटे मामा जत्रेच्या नाटकाचा पडदा देवळाच्या सभामंडपात असाच अंथरायचे. सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्याचा गोंद, रात्री भिजत घालायचा, सकाळी गरम पाण्यात डबा ठेवून विरघळवायचा, मग त्यात रंगाची पूड. वास असा, की आजी नाकाला पदर लावून देवदर्शन उरकायची. पडदे दोनच, राजवाडा आणि जंगल. जंगलात मात्र झाड आमच्या परसातल्या फणसाचं, फणसांसकट. शकुंतलेमागं फणस बघून कुणालाच कधी काही वाटलं नाही. रात्री हेच मामा पेटीवर. एखादा नट ऐनवेळी 'आडवा' झाला, की तोंडाला रंग फासून उभे राहायचे. मग पेटी गुरुजींकडं, आणि गाणाऱ्याचे हाल.

पोट चालायचं दुकानांच्या पाट्यांवर, मराठी आणि कानडी दोन्ही. "कानडी अक्षर वळवायचं, मराठी टांगायचं," म्हणायचे. सीमाप्रश्नाच्या मोर्च्याचे फलक त्यांचेच, आणि त्याच आठवड्यात सरकारी कचेरीची कानडी पाटीही त्यांचीच.

रंगशाळा दाखवणाऱ्यानं विचारलं, मामा नेमके कोण, चित्रकार, वादक की नट? मला एक शब्द सापडेना. गावात त्यांना नुसतं 'पेंटर' म्हणतात. तसं आमच्या जिल्ह्याला हे नवं नाही. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा लिहिणारे तेच, चाली लावणारे तेच, आणि नटही तेच. इथं मात्र आभाळ रंगवणारी वेगळी आणि त्यावर उजेड टाकणारा वेगळा.

मामांना फोटो पाठवला. लगेच आवाजी निरोप आला, "चांगलं करूलाल्यात की. पण सरस किती घालतात विचार. लई झाला तर घडीवर तडकतंय."

विचारलं. इथं घडी घालतच नाहीत, लांब नळीवर गुंडाळून ठेवतात. तसं कळवलं. त्यावर मामांचं अजून उत्तर नाही.