होम फायरवॉल अपडेट: १४६४ जातं, १४६५ गायब

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की ओएनटी (फायबर कंपनीचा डबा) ब्रिज मोडला टाकला, म्हणजे तो नुसतं पुढे ढकलतो, पीपीपीओई (लॉगिन करून कंपनीशी जोडायची पद्धत) आता आपलाच डबा, म्हणजे घरचा राउटर-फायरवॉल, डायल करतो आणि सगळं मस्त चाललंय. ते शब्द मागे घेते. तीन दिवस डोक्याची मंडई झाली होती.

आईला बारशाचे फोटो मावशीला मेल करायचे होते आणि अटॅचमेंट ३ टक्क्यांवर जाऊन ठिय्या मांडून बसायची. मोबाइल डेटावर टाकलं की सुळकन गेली. म्हणजे घरात आरोपी एकच, मी. पण पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का ही चाचणी) व्यवस्थित, यूट्यूब व्यवस्थित. आधी डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधण्यावर, संशय (नेहमीचाच), मग एनएटीचे (घरातल्या सगळ्यांना एकच बाहेरचा पत्ता देणारे) रूल परत लिहिले, मग कॉनट्रॅक टेबल (चालू कनेक्शनची यादी) भरलंय का बघितलं तर पाचशे एंट्र्यासुद्धा नाहीत, शेवटी केबल बदलली आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेली ती कॅट सिक्स बिचारी निर्दोष निघाली.

काल रात्री पावणेबाराला लॅन कार्डावर (राउटरची घराकडची बाजू) टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावला तेव्हा दिसलं, १५०० बाइटचं तेच पॅकेट फोनकडून परत परत येतंय आणि पीपीपीवर (कंपनीकडची बाजू) बाहेर काहीच जात नाही. मग डीएफ बिट ('तुकडे करू नका' ही खूण) लावून पिंग. १४६४ बाइटचं गेलं. १४६५ ला चिडीचूप, एरर पण नाही!

तुम्हाला माहीतच आहे, पॅकेटच्या १५०० पैकी पीपीपीओई ८ बाइट खातं, उरतात १४९२, आणि १४६४ मध्ये हेडरचे २८ मिळवले की तेवढेच होतात. त्याच्या वर गेलं की राउटरने आयसीएमपीचा (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारे छोटे निरोप, पिंगही त्यातलंच) टाइप ३ कोड ४ निरोप पाठवून 'बाबा रे, छोटं कर' सांगायचं असतं. माझा सांगत नव्हता, कारण पहिल्या आठवड्यात स्टेल्थच्या (बाहेरून दिसू नये) नादात इनपुट आणि आउटपुट (राउटरला येणारं आणि राउटरकडून जाणारं) दोन्ही चेनच्या, म्हणजे रूलच्या याद्यांच्या, डोक्यावर मीच लिहिलं होतं, आयसीएमपी सगळं ड्रॉप. फॉरवर्डमध्ये (राउटरमधून आरपार जाणारं) तो रूल नव्हता म्हणून लॅपटॉपवरून पिंग चालायचं, त्यानेच फसवलं. काही सर्व्हर मुळातच छोटा एमएसएस (एका पॅकेटमधला जास्तीत जास्त डेटा) सांगतात, तिथे अपलोड पण होत होतं. आयपीटेबल्समध्ये (जुनं फायरवॉल साधन) काउंटर (रूल किती वेळा लागला तो आकडा) आपोआप असायचे, एनएफटीमध्ये (नवं साधन) स्वतः लिहावा लागतो, आणि आळसाने मी तो लिहिलाच नव्हता. लिहिला, अपलोड सुरू केलं, आउटपुटच्या रूलवर आकडा टकाटक वाढायला लागला. काय आनंद झाला म्हणून सांगू, स्वतःचीच चूक असून!

आता एस्टॅब्लिश्डच्या (चालू कनेक्शन) जोडीला रिलेटेड (त्यांच्याशी संबंधित निरोप) पण अ‍ॅक्सेप्ट, एको रिक्वेस्टला (पिंगची विचारणा) फक्त रेट लिमिट, आणि फॉरवर्डमध्ये एमएसएस क्लॅम्प (एमएसएसला वरची मर्यादा), १४५२. ओएनटी राउटर मोडमध्ये असताना बहुतेक हे गुपचूप तोच करत होता, आपल्याला कळायचंही नाही. फोटो सगळे गेले. आई म्हणाली, "एवढंच होतं तर तीन दिवस काय करत होतीस?"

पुढे टीव्ही आणि कॅमेऱ्याचं व्हीलॅन (त्यांचं वेगळं आभासी नेटवर्क) करणार होते, पण हे लिहिता लिहिताच सुचलं की आधी लॅनच्या बाजूचे सगळे ड्रॉप काढून रिजेक्ट करावेत, म्हणजे घरातलं काही अडलं तर टाइमआउटची वाट बघत बसायला नको, लगेच 'नाही' म्हणून उत्तर येईल. वॅनकडे (बाहेरच्या बाजूला) ड्रॉपच राहू दे. आणि आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) सुरू करायच्या आधी तिथले आयसीएमपीचे रूल परत तपासते, तिकडे नेबर डिस्कव्हरीच (शेजारची मशीन शोधणं) त्यावर चालते, तिथे माझा जुना रूल राहिला असता तर पिंगसुद्धा गेलं नसतं.