खाडा

चौदा मुलाखती झाल्या, लिहून काढल्या, आता यांचं करायचं काय, यावर आज दिवसभर अडून बसले होते.

मुलाखती बीडच्या ऊसतोड बायकांच्या. सरांचं म्हणणं, ग्राउंडेड थिअरी कर, म्हणजे मुलाखतींतूनच सिद्धांत उभा कर, प्रबंधाला वजन येतं. येत असेल. पण ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या त्या पद्धतीत मुलाखती आणि विश्लेषण बरोबरीनं चालतं. आधीच्यांतून जे निघेल त्यावर पुढची कोणाची घ्यायची ते ठरतं. मी तर सगळ्या उरकून मोकळी झालेय, आणि बायका गेल्या कर्नाटकात फडावर.

मग उरलं ब्राउन-क्लार्क यांचं २००६ चं थीमॅटिक अ‍ॅनालिसिस, म्हणजे मुलाखतींत परत परत येणारे धागे शोधणं. सहा टप्पे, त्यातला पहिला म्हणजे नुसतं वाचा, परत वाचा. सोपं दिसतं म्हणून लोक नाकं मुरडतात.

दुपारी एक रेकॉर्डिंग परत लावलं. 'खाडा' म्हणजे कामाला दांडी आणि त्याचे कापले जाणारे पैसे. या शब्दाला मी झोकात 'आर्थिक दंड' असा कोड, म्हणजे विश्लेषणासाठीचं छोटं नाव, दिला होता. आणि मावशी सांगत होत्या, "पाळीत पोट फुटंस्तोवर दुखलं तरी उठायचं. खाडा नको." म्हणजे पैसा तर आहेच, पण अंगही आहे, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आहे, कोयता जोडीचा, म्हणजे नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणून नवऱ्याची बोलणीही आहेत. कोड खोडला. समासात नुसतं 'खाडा' लिहिलं.

थीमॅटिकच करतेय. उद्या सरांना सांगायचंय, त्याची धास्ती वेगळीच.