टेम्प्लेटमधली एक विसरलेली तारीख

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधल्या एका प्लॅनमध्ये चाचणीचं काम ऑक्टोबरवरून हलत नव्हतं. टीममधला नवा प्रोजेक्ट मॅनेजर दोन दिवस त्याच्याशी झगडला आणि मग माझ्याकडे आला. "मॅडम, आधीची सगळी कामं ऑगस्टमध्येच संपतायत. लिंकही बरोबर आहेत. मग हे एकच पुढे का अडकलंय?"

मी टास्कवर डबल क्लिक करून ॲडव्हान्स्ड टॅब उघडला. कन्स्ट्रेंटच्या, म्हणजे तारखेवरच्या बंधनाच्या जागी 'स्टार्ट नो अर्लिअर दॅन' (याआधी सुरू नको) आणि खाली ऑक्टोबरची तारीख. ती त्याने घातली नव्हती. नवा प्लॅन ज्या तयार साच्यातून सुरू होतो, त्या टेम्प्लेटमधून आली होती, आणि ते टेम्प्लेट मी बनवलेलं होतं.

मी तेव्हा एक चालू प्रोजेक्ट घेतला होता, नावं बदलली, अनावश्यक ओळी काढल्या आणि टेम्प्लेट म्हणून सेव्ह केला. त्या मूळ प्रोजेक्टमध्ये कुणीतरी स्टार्टच्या रकान्यात हाताने तारीख टाइप केलेली होती. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये ऑटो शेड्यूल टास्कला (जिच्या तारखा प्रोग्रॅम स्वतः काढतो) अशी तारीख दिली की कन्स्ट्रेंट गुपचूप लागतो. मूळ प्रोजेक्टला त्याचा त्रास झाला नाही, कारण तिथे चाचणी खरंच ऑक्टोबरमध्ये होती. पुढे त्या टेम्प्लेटमधून अकरा प्रोजेक्ट निघाले. अकराही ठिकाणी ती तारीख गेली.

टेम्प्लेट दुरुस्त करायला मला पाच मिनिटं लागली. पण त्या अकरा प्रोजेक्टना त्याचा काहीच उपयोग नव्हता. सर्व्हरवरच्या एंटरप्राइझ टेम्प्लेटमधून प्रोजेक्ट सुरू केला की त्याची एक प्रत तयार होते, आणि त्या क्षणापासून प्रतीचा टेम्प्लेटशी संबंध संपतो. मी एकेक प्लॅन उघडून, त्या त्या मॅनेजरला विचारून, हाताने दुरुस्ती केली.

एंटरप्राइझ ग्लोबल, म्हणजे सगळ्यांसाठी सामायिक व्ह्यू, फिल्टर वगैरे ठेवणारी सर्व्हरवरची फाइल, वेगळं वागतं. सर्व्हरला जोडून मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हा प्रोग्रॅम सुरू केला की ते दर वेळी सोबत लोड होतं. त्यातला एखादा व्ह्यू किंवा फिल्टर बदलला, तर पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडल्यावर तो सगळ्यांना दिसतो, जुन्या प्रोजेक्टवर काम करणाऱ्यांनाही. म्हणून कुठलीही गोष्ट टेम्प्लेटमध्ये टाकण्याआधी मी आता स्वतःला विचारते: उद्या ही बदलली, तर चालू प्रोजेक्टमध्येही बदलायला हवी का? हवी असेल, तर तिची जागा टेम्प्लेटमध्ये नाही. टप्प्यांच्या नावांचंच बघा. एकाच टप्प्याला कुणी 'टेस्टिंग' लिहायचं, कुणी 'यूएटी', कुणी 'चाचणी', आणि एकत्रित रिपोर्टमध्ये तीन वेगळे टप्पे दिसायचे. ती नावं आम्ही एंटरप्राइझ कस्टम फील्डला (सगळ्या प्रोजेक्टना सामायिक रकान्याला) लुकअप टेबल, म्हणजे ठरलेली यादी, लावून तिथे ठेवली. आता यादीतून निवडायचं, टाइप करायचं नाही.

टेम्प्लेट सेव्ह करताना जी छोटी खिडकी येते, ती कृपा करून वाचा. बेसलाइनची (सुरुवातीला ठरलेल्या आराखड्याची) मूल्यं, प्रत्यक्ष झालेलं काम, रिसोर्सचे दर, ठरावीक खर्च: यातलं काय काढून टाकायचं, ते ती विचारते. घाईत नुसतं सेव्ह दाबलेलं मी पाहिलं आहे. ती फाइल शेअर फोल्डरवर गेली आणि एका सहकाऱ्याचा ताशी दर सगळ्या टीमने पाहिला. त्याला किती अवघड झालं असेल, ते मला आजही आठवतं. मुळात टेम्प्लेटमध्ये माणसांची नावं नसावीतच. 'टेस्टर', 'बिझनेस ॲनालिस्ट' असे जेनेरिक रिसोर्स ठेवावेत आणि खरी माणसं नंतर 'बिल्ड टीम' या टीम निवडायच्या खिडकीतून बसवावीत.

आकाराबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. आमचं पहिलं टेम्प्लेट २४० टास्कचं होतं. काही सुटू नये, हा हेतू. पण ज्या टास्क लागू नव्हत्या, त्या लोक डिलीट करत नसत. शंभर टक्के पूर्ण अशी खूण करून मोकळे होत. मग काम सुरू होण्याआधीच प्रोजेक्ट बराच पुढे गेलेला दिसायचा, आणि त्या आकड्यावर वरच्या बैठकीत निर्णय व्हायचे. शेवटी ते टेम्प्लेट आम्ही ६० टास्कवर आणलं. उरलेला तपशील मॅनेजरने आपल्या टीमसोबत बसून भरायचा.

कुठलंही टेम्प्लेट सर्व्हरवर टाकण्याआधी मी कन्स्ट्रेंट टाइपचा रकाना उघडते आणि त्यावर ग्रुप करते. 'ॲज सून ॲज पॉसिबल' (शक्य तितक्या लवकर) सोडून दुसरा गट दिसला, तर त्यातली प्रत्येक ओळ तपासते. तारीख पाळायचीच असेल, तर डेडलाइन फील्ड वापरा. टास्कचा शेवट त्या तारखेपलीकडे गेला की ते इशारा देतं, टास्कला मात्र जागेवर खिळवून ठेवत नाही.

प्रोजेक्ट ऑनलाइन, म्हणजे असे प्लॅन सर्व्हरवर ठेवायची मायक्रोसॉफ्टची सेवा, ३० सप्टेंबर २०२६ला बंद होणार असल्याने सगळी टेम्प्लेट पुन्हा उघडायची वेळ आलीच आहे. प्रत्येकावर आता एका माणसाचं नाव असावं, असा माझा आग्रह आहे. टीमचं किंवा विभागाचं नाही. प्रोजेक्ट संपल्यावरच्या बैठकीत तो माणूस हजर असतो आणि एकच प्रश्न विचारतो: प्लॅनमध्ये हाताने काय घालावं लागलं? मागच्या बैठकीत दोन मॅनेजरनी एकच उत्तर दिलं, डेटा स्थलांतराची रंगीत तालीम. ती आता एकसष्टावी टास्क आहे.