कडीला बांधलेली नाडी
आज लेकीच्या शाळेत विकास आराखड्याची मीटिंग होती. हाफ डे टाकून, परळ स्टेशनवरून अक्षरशः पळत पोचले. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार अनुदानित शाळेच्या समितीतही किमान 75 टक्के पालक हवेत. कागदावर आम्ही आहोतच. आज प्रत्यक्षात आलो पाच, त्यातल्या चार आया. (बाबालोक ग्रुपवर अंगठा दाखवून मोकळे!)

पाऊण तास स्मार्ट बोर्ड, प्रोजेक्टर, दहावीचा निकाल. मग शाळेच्या मावशी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "बाई, दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या बाथरूमला कडी नाही हो. पोरी दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत."

सगळे गप्प. वर जाऊन पाहिलं. कडीच्या जागी सलवारची नाडी, खिळ्याला गुंडाळलेली, ओढून ओढून काळी पडलेली. माझी मुलगी नववीत आहे. रोज भरलेली बाटली घरी परत आणते, म्हणून मी तिलाच ओरडत होते.

बाईंनी आराखड्यात पहिल्या ओळीवर 'कडी' लिहिलं. एका ताईंचे मिस्टर सुतारकाम करतात, ते सोमवारी येतायत. प्रोजेक्टरचं पुढच्या मीटिंगला बघू.