एका पान्यासाठी सहा आठवडे

स्लॅलम म्हणजे बर्फाच्या उतारावर रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत उतरायची स्की शर्यत. तिच्या आंतरराष्ट्रीय नियमांत वळणांची संख्या उताराच्या उंचीच्या ३० ते ३५ टक्के धरतात. म्हणजे १८० मीटर उंचीच्या उतारावर ५४ ते ६३ वळणं, आणि वळणागणिक काठी. प्रत्येक ठिकाणी भोक पाडायचं, काठीचा बुंधा, म्हणजे बर्फात जाणारा खालचा भाग, त्यात पिळायचा, आणि काठी जिथून वाकते ती बिजागरी बर्फाच्या पातळीला येईपर्यंत गुडघ्यावर बसून पाना फिरवायचा. बिजागरी वर राहिली तर स्की अडकू शकते, त्यामुळे इथे घाई चालत नाही. दोन हंगाम असं केल्यावर मी ठरवलं, पाना ड्रिलवरच बसला पाहिजे. आणि काठ्या पाठीवर नेता येतील असा भाता हवा.

भाता दोन दिवसांत शिवून झाला. पान्याने सहा आठवडे खाल्ले.

आमच्या बुंध्याचं डोकं षटकोनी, समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर २४ मिलिमीटर. मी कागदावर षटकोन काढून शेजारी नुसतं २४ लिहिलं. वर्कशॉपने ते कोपरा ते कोपरा धरलं. दोन आठवड्यांनी हातात आलेल्या पान्याच्या खाचेत बाजू ते बाजू जेमतेम २०.८ मिलिमीटर! डोकं आत जाईना. तक्रार केली तर म्हणाले, "तुम्ही लिहिलं तेच केलंय." मला अजून राग येतो, कारण नमुन्याचा बुंधा मी त्यांच्याच टेबलावर ठेवून आलो होतो. कोणी बसवून बघितलं नाही.

दुसऱ्या वेळी रोज फोन. रोज "पुढच्या आठवड्यात". बर्फाचे दिवस हातातून जात होते. शेवटी पाना आला तो अगदी चोख २४. घरात छान बसला. उतारावर चौथ्याच काठीला खाचेत बर्फ दाबला गेला, गोठला, आणि पाना बुंध्यावरच अडकला. अर्धा तास गेला.

तिसऱ्यांदा मी वर्कशॉपमध्ये समोरच बसून राहिलो. खाच २४.६ करायला लावली, कडेला दोन भोकं पाडून घेतली, म्हणजे बर्फ बाहेर पडतो. बुंधा तिथेच बसवून, फिरवून, काढून पाहिला आणि मगच उठलो. तुम्ही करून घेणार असाल तर मापासोबत "बाजू ते बाजू" हे शब्द लिहाच.

ड्रिल कमी वेगाच्या गिअरवर ठेवा, आणि बाजूची मूठ लावल्याशिवाय पाना फिरवू नका. बुंधा घट्ट झाला की मनगटाला जबर हिसका बसतो. जादा बॅटरी जाकिटाच्या आतल्या खिशात, थंडीत ती लवकर उतरते. भोक पाडताना बिट फिरत असतानाच वर ओढा, थांबवलात तर तिथेच धरतो. आणि हो, भात्यात काठ्या हातात घ्याल त्या क्रमाने भरा, लाल-निळी-लाल-निळी.

पहिल्या सकाळी मी एकट्याने ५८ काठ्या लावल्या. गुडघे कोरडे होते.