दीड वर्षात तीन वॉटर पंप

वडणग्यात एका घराच्या अंगणात पिकअप उभी होती. जुनी डिझेल गाडी, भाजीचे क्रेट घेऊन गगनबावड्यावरून कोकणात उतरणारी. आदल्या रात्री रिकामी परत येताना करूळ घाटाच्या चढाला तापमानाचा काटा लालात गेला. मालक अण्णांनी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली, पाऊण तास थंड होऊ दिली आणि वाटेत दोनदा पाणी ओतत घर गाठलं. इंजिनचं हेड वाचलं ते त्या पाऊण तासामुळं.

"मिस्त्री, दीड वरसात ह्यो तिसरा पंप. दर सा म्हैन्याला पंप खाती ही गाडी," अण्णा म्हणाले.

इंजिनात पाणी फिरवणारा हा पंप कुठलाही घ्या, नीट बसवला आणि कूलंट (इंजिन गार ठेवायला पाण्यात मिसळतात ते रसायन) चांगलं असलं तर काही वर्षं टिकतो. सहा महिन्यांनी जातोय म्हणजे त्याला कोणीतरी मारतंय. नुसता चौथा पंप बसवून उठलो असतो तर दिवाळीला परत त्याच अंगणात यावं लागलं असतं. म्हणून आधी खोलायचं काही नाही, बघायचं असं ठरवलं.

इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण काढलं. गरम गाडीचं झाकण कधीच उघडू नका; आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं आणि झाकण सुटताक्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. डिपस्टिकवरचं ऑइल पाहिलं: स्वच्छ, चहासारखा दुधट रंग नाही. म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं नाही. मग पंपाच्या शाफ्टवर बसलेला फॅन वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून पुढं-मागं हलवला. चांगल्या पंपाला इथं प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवत नाही. हा 'टक टक' वाजत होता. पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. पुष्कळ जण ते ओतकामातलं चुकून राहिलेलं छिद्र समजतात, काही जण तर तिथं एमसील लावून बुजवतात. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, आणि आपल्याला कळावं, यासाठी. मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा लावून पाहिलं तर त्या भोकाखाली हिरवट-पांढरी खपली आणि ताजा ओघळ.

म्हणजे पंप गेलाय हे नक्की. का गेला ते अजून नाही.

चाकांना दगड लावले, बॅटरीची निगेटिव्ह काढली, रेडिएटरच्या खालच्या तोटीतून पाणी घमेल्यात घेतलं. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं. अंगणात कुत्रं होतं, लहान पोरं होती, त्यामुळं घमेलं लगेच झाकणाच्या कॅनमध्ये रिकामं केलं.

खोलताना एक क्रम पाळा: पंप फिरवणारा पट्टा ताणलेला असतानाच फॅनचे नट सैल करा. पट्टा आधी काढला तर पुली हातात फिरत राहते आणि नट हलत नाही. रेडिएटर आणि फॅनच्या मध्ये जाड पुठ्ठा सरकवा. पाना निसटून जाळीला भोक पडणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक. या गाडीच्या पंपाला सहा बोल्ट, त्यांतले दोन लांब. पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून बोल्ट निघेल तसा त्या जागी खोचत गेलो. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तळाला टेकतो, पाना घट्ट झाल्यासारखा वाटतो पण पॅकिंग (सांध्यात बसणारा कागद) दाबलंच जात नाही. आखूड बोल्ट लांबाच्या जागी गेला तर चार आट्यांवरच तोलतो आणि आटेच घेऊन येतो.

पंप ओट्यावर ठेवून पाहिला. इंपेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या आतल्या चाकाची, पाती नवीकोरी. गंज नाही, खड्डे नाहीत. खाऱ्या बोअरच्या पाण्यानं गेलेल्या पंपाची पाती कुरतडल्यासारखी होतात. इथं तसं काहीच नव्हतं. बेअरिंगमध्ये पाणी शिरून ग्रीस कॉफीच्या रंगाचं झालेलं, आणि शाफ्ट बोटानं हलवला तरी डुलत होता. सील झिजून गेलं नव्हतं, डुलणाऱ्या शाफ्टनं ते तोडलं होतं. आधी बेअरिंग गेलं, मग सील, मग पाणी. आणि पाती शाबूत ठेवून बेअरिंग तेवढं जातं तेव्हा पहिला संशय पट्ट्यावर.

पट्टा आतून बाहेरून पाहिला. एका बाजूची कड काचेसारखी चकाकत होती, दुसरी खरखरीत. अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणारा) ब्रॅकेटवर काळी भुकटी साचली होती, बोट फिरवलं की काजळासारखी लागत होती. पट्टा तिरका चालल्याची ही खूण. ॲल्युमिनियमची सरळ पट्टी क्रँकच्या पुलीवरून अल्टरनेटरच्या पुलीपर्यंत धरली. अशा वेळी पुलीच्या कडा बघू नका, कडांची जाडी सारखी नसते. खाचांचे मध्य मोजा. अल्टरनेटर ४ मिलिमीटर पुढं होता. दोन पुलींमध्ये फूटभर अंतर असेल तर अडीच मिलिमीटरच्या वर फरक चालत नाही, आणि इथं अंतर फुटापेक्षाही कमी.

"अल्टरनेटर कधी उतरवला होता?"

"दोन वर्सं झाली की. वायंडिंग जळलं हुतं. त्याच्यानंतर पट्टा वराडाय लागला, म्हणून मीच ताणला. वराडला की ताणायचा."

सगळी साखळी तिथं जुळली. खालच्या लांब बोल्टावर ब्रॅकेट आणि अल्टरनेटरच्या कानामध्ये एक बुश, म्हणजे मापाची नळी, असतो. तो वायंडिंगच्या वेळी हरवला आणि त्याजागी दोन जाड वॉशर गेले, तेही चुकीच्या बाजूला. अल्टरनेटर पुढं सरकला, पट्टा तिरका चालून ओरडायला लागला. ओरडतो म्हणून ताणला. आणि पट्टा जितका ताणाल तितका पंपाचा शाफ्ट एका अंगाला ओढला जातो, कारण पंप, फॅन, अल्टरनेटर सगळे एकाच पट्ट्यावर. तीनही पंप त्या ताणानं मेले होते. ज्यांनी ते बदलले त्यांनी कामात खोट ठेवली नव्हती, फक्त पट्टी धरून कोणी पाहिलं नव्हतं.

जागेचं माप व्हर्नियरनं घेतलं आणि अण्णांच्या मुलाला उद्यमनगरात लेथवर पाठवला. अर्ध्या तासाचं काम, पण बुश मापाचाच हवा. वॉशर रचून केलेला जुगाड धक्क्यानं पुन्हा ढिला पडतो.

तोवर पॅकिंगची जागा साफ केली. पहिल्यांदा भोकात चिंधी कोंबली, मग ब्लेड आडवं धरून जुना कागद खरवडला. इथं ग्राइंडर लावू नका, दोन दणक्यांत खोलगट भाग होतो आणि ती जागा जन्मभर गळते. थर्मोस्टॅटचं (पाणी तापलं की उघडणारी झडप) घर उघडलं तर आत तांबड्या पेस्टचे शेवेएवढे धागे अडकलेले. आधीच्या वेळी गॅस्केट पेस्ट चोपडून लावली होती; बाहेर दिसते तेवढीच आतही दाबून निघते, तुटते आणि थर्मोस्टॅटमध्ये जाऊन बसते. कागदी पॅकिंग असेल तर पेस्टची गरजच नाही, फार तर शेलॅकचा पातळ हात. थर्मोस्टॅट अण्णांच्या चुलीवर पातेल्यात थर्मामीटरसोबत उकळून पाहिला. ८२ अंशांना उघडायला लागला, म्हणून तोच ठेवला. बसवताना त्याचा हवा सोडायचा छोटा मणी वरच्या बाजूला.

नवा पंप बसवण्याआधी हातात फिरवून पाहिला, मग सगळे बोल्ट हातानंच आत घेतले. जो बोल्ट पाण्याच्या जागेत उतरतो त्याच्या आट्यांना सीलंट. घट्ट करताना समोरासमोरचे, दोन फेऱ्यांत. एम-८ बोल्टांना २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात; गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच खरा. ओतीव लोखंड काय असतं हे कोल्हापूरकराला सांगायला नको: वाकत नाही, कान तुटून हातात येतो.

बुश आला, अल्टरनेटर बसवला, पट्टी धरली: खाचा एका रेषेत. पट्टा नवाच घातला, कारण कड झिजलेला जुना पट्टा सरळ पुलीवरही घसरतो. सगळ्यात लांब टप्प्याच्या मधोमध अंगठ्यानं जोरात दाबला तर १० ते १२ मिलिमीटर खाली जावा. अण्णांना तोच अंगठा लावून दाखवला. त्यांच्या हिशेबानं तो ढिला होता.

कूलंटचं गणित इथं बहुतेक चुकतं. या गाडीत एकूण ९ लिटर बसतं, पण तोटीतून साडेसहाच निघतं, बाकीचं ब्लॉकमध्ये राहतं. साध्या पाण्यानं धुतल्यावर तयार निम्मं-निम्मं मिश्रण ओतलं तर आतल्या अडीच लिटरमुळं ते पातळ होतं. म्हणून आधी साडेचार लिटर निव्वळ कूलंट, मग दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नाही.

गाडीचं तोंड चढाला करून, केबिनचा हीटर पूर्ण गरमवर ठेवून हळूहळू भरलं. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं आणि वरचा पाइप दाबत राहिलो. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरायचं. थोडे बुडबुडे आले आणि थांबले. ते थांबलेच नसते तर हेड पॅकिंग तपासायला लागलं असतं.

संध्याकाळी चाचणीला मागं भरलेले क्रेट टाकले आणि केर्लीवरून जोतिबाच्या चढाला गाडी घातली. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये वरपर्यंत काटा मधोमध. सकाळी गार इंजिनात पाव लिटर अजून बसलं, तेवढी हवा आत राहिली होतीच.

हीच पद्धत घरी करणाऱ्यांनी एक नक्की पाहून घ्यावं: काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर, म्हणजे वॉल्व्हची वेळ सांभाळणाऱ्या दातेरी पट्ट्यावर, चालतो. तिथं खुणा जुळवल्याशिवाय पट्टा काढायचा नाही. दात चुकले तर काही इंजिनांत वॉल्व्ह पिस्टनला धडकू शकतात.

नवा पट्टा पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांत थोडा सैल पडतो, म्हणून चौथ्या दिवशी परत गेलो. १५ मिलिमीटर दबत होता, तो ११ वर आणला. ब्रॅकेटवर भुकटी नव्हती. पंपाच्या खालच्या भोकाला पांढरी चिंधी लावली, ती कोरडी निघाली.