खालच्या दाढेचं इम्प्लांट: कंपनीच्या नावाआधी हाड बघा

इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात स्क्रू घालून त्यावर बसवलेला कृत्रिम दात, करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या कंपनीचं बसवणार?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर चौथा-पाचवा. हाड किती रुंद आहे, त्याच्याखालून जाणारी नस किती अंतरावर आहे, हिरड्या कशा आहेत आणि वरची दाढ खालच्या जागेवर किती जोरात बसते, हे आधी कळायला हवं. चांगल्या कंपनीचं इम्प्लांट अपुऱ्या हाडात बसवलं तर ते टिकत नाही.

इथे उदाहरण घेतलंय खालच्या पहिल्या मोठ्या दाढेचं, कारण सगळ्यात जास्त हीच जाते. ती सहाव्या वर्षाच्या आसपास येते, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप उगवते आणि बरेच आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. मग कीड, रूट कॅनल, तुटणं आणि शेवटी काढणं.

दाढ काढल्यावर जागा तशीच ठेवली तर हाड झिजतं, आणि सुरुवातीलाच सगळ्यात जास्त झिजतं. पहिल्या वर्षात रुंदी साधारण निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली दोन-तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. शिवाय मागची दाढ पुढे कलते आणि वरची दाढ खाली उतरते. ‘दुखत नाही, बघू पुढे’ म्हणत पाच वर्षं गेली की हाड भरण्याचा खर्च वाढतो आणि कॅपसाठी उंचीही उरत नाही. ब्रिजचा, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने मधला दात बसवण्याचा, पर्याय आहेच, पण त्यासाठी शेजारचे दोन दात घासावे लागतात. त्यांना आधीच मोठी फिलिंग किंवा कॅप असेल तर ब्रिज वाईट नाही. ते दोन्ही धडधाकट असतील तर ते घासणं मला पटत नाही.

इम्प्लांटचे भाग तीन. हाडात जाणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर बसणारं, कॅपला आधार देणारं अ‍ॅबटमेंट, आणि त्यावरची कॅप. टायटॅनियमला हाड थेट घट्ट धरतं, हे स्वीडनमधल्या पेर-इंगवार ब्रेनमार्क यांच्या लक्षात १९५० च्या दशकात सशाच्या हाडावर काम करताना आलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. आजच्या स्क्रूंचा पृष्ठभाग वाळूच्या माऱ्याने आणि अ‍ॅसिडने खडबडीत केलेला असतो, त्यामुळे हाड लवकर धरतं.

आता मोजमाप. या दाढेच्या जागी साधारण ४ ते ५ मिलिमीटर जाडीचा आणि ८ ते ११.५ मिलिमीटर लांबीचा स्क्रू वापरतात. स्क्रूभोवती गालाच्या आणि जिभेच्या बाजूला किमान दीड-दीड मिलिमीटर हाड उरायला हवं. म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या स्क्रूला साडेसात मिलिमीटर रुंदी लागते. शेजारच्या दाताच्या मुळापासूनही दीड मिलिमीटर लांब राहायचं. खाली ओठाला संवेदना देणारी नस असते, तिच्यापासून २ मिलिमीटर सोडायचे. इथे एक खाच आहे: ड्रिलचं टोक निमुळतं असतं आणि ते खुणेच्या पुढे जवळजवळ एक मिलिमीटर जाऊ शकतं. हाडाच्या कडेपासून नसेपर्यंत १२ मिलिमीटर असतील तर १० च्या वर जायचंच नाही. मला विचाराल तर तिथे साडेआठचा स्क्रू जास्त शहाणपणाचा.

हे सगळं साध्या ओपीजी एक्सरेवर, म्हणजे सगळ्या जबड्याच्या एकत्र एक्सरेवर, दिसत नाही. त्यात लांबी मोठी होऊन येते आणि रुंदी तर कळतच नाही. खालच्या जबड्याला जिभेच्या बाजूने आत खोलगट भाग असतो. ड्रिल तिथून बाहेर पडलं तर जिभेखाली रक्तस्राव होऊ शकतो आणि तो गंभीर असतो. म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन हवा. स्कॅनशिवाय दाढेच्या जागी स्क्रू घालायची तयारी कोणी दाखवत असेल तर थांबा.

स्कॅन चांगला आला तरी काही गोष्टी आधी उरकाव्या लागतात. हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील, तर आधी ते उपचार, कारण तेच जंतू इम्प्लांटवर जातात. साखर आटोक्यात हवी आणि एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) ताजा रिपोर्ट बरोबर हवा. तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट यांनी हिरडीचा रक्तपुरवठा आणि जखम भरणं बिघडतं. गुटखा-सुपारीमुळे तोंड उघडणं कमी झालं असेल तर दाढेपर्यंत हँडपीस (ड्रिल फिरवणारं हत्यार) आणि ड्रिल सरळ पोचतच नाही. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का, हे घरीच बघता येतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन घेणाऱ्या आई-आजींनी ते दातांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं, कारण त्या औषधांत जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांशी बोलूनच होतो. आणि जबड्याची वाढ चालू असलेल्या मुलांना इम्प्लांट करत नाहीत. बाकीचे दात वाढीबरोबर वर सरकतात, स्क्रू मात्र जिथे आहे तिथेच राहतो.

शस्त्रक्रिया जागेवरची भूल देऊनच होते आणि एका स्क्रूला साधारण पाऊण तास लागतो. हिरडी उघडून आधी २ मिलिमीटरचं ड्रिल, मग दिशा तपासायला त्यात पिन घालून एक्सरे, मग क्रमाने जाड ड्रिल. सगळं थंड सलाइनच्या धारेखाली, कारण हाडाचं तापमान ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी त्यातल्या पेशी मरतात. मेलेल्या हाडाला स्क्रू धरता येत नाही. खालच्या जबड्याचं हाड टणक असतं आणि बोथट झालेलं ड्रिल तिथे जास्त तापतं. इम्प्लांट पहिल्या काही आठवड्यांतच हलायला लागण्यामागे हे एक मोठं कारण असतं. स्क्रू मात्र अगदी हळू फिरवत घालतात, आणि शेवटी तो ३० ते ४५ न्यूटन सेंटिमीटर (आवळण्याचा जोर मोजायचं एकक) जोराने आवळला जावा अशी अपेक्षा असते. त्याहून बराच सैल असेल तर हिरडीखाली झाकून ठेवतात. फारच घट्ट असेल तर हाड चेपतं आणि झिजतं.

भूल उतरल्यावर ओठ किंवा हनुवटी बधिर राहिली तर ‘उद्यापर्यंत बघू’ म्हणायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. नसेवर दाब आला असेल तर पहिल्या दीड दिवसातच स्क्रू काढला किंवा मागे घेतला तर नस सावरण्याची शक्यता चांगली असते. सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, त्याला घाबरायचं कारण नाही. पहिल्या दिवशी चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. मऊ भात, खिमट, गार झालेली पेज, ताक. टाके साधारण सात ते दहा दिवसांनी निघतात.

टाके निघाले, दुखणं थांबलं, आणि इथेच बरेच इम्प्लांट बिघडतात. सुरुवातीला स्क्रू फक्त आट्यांच्या पकडीवर उभा असतो. ही जुनी पकड ओसरत असते आणि नवं हाड अजून तयार होत असतं, त्यामुळे दोन ते चार आठवड्यांच्या दरम्यान तो सगळ्यात कमकुवत असतो. नेमक्या याच काळात काही दुखत नाही, म्हणून माणूस त्या बाजूने चिक्की, चकली, भाजलेले शेंगदाणे खायला लागतो. हाडाने पूर्ण धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने द्या, वरच्या जबड्यात चार ते सहा. ‘तीन दिवसांत पक्का दात’ ही जाहिरात एकट्या दाढेसाठी मला मान्य नाही. सगळ्या जबड्याचे दात एकमेकांना जोडून लगेच बसवतात तेव्हा भार वाटला जातो. एकटी दाढ सगळा जोर एकटीने घेते.

कॅपच्या वेळी स्क्रूने आवळलेली कॅप की सिमेंटने चिकटवलेली, हे जरूर विचारा. दाढेसाठी मी स्क्रूच्या बाजूने आहे. चिकटवताना जास्तीचं सिमेंट हिरडीखाली घुसतं, काढताना दिसत नाही, आणि तिथेच सूज धरते. स्क्रूची कॅप पुढे कधी काही झालं तर काढता येते. वरचं छिद्र टेफ्लॉनच्या पट्टीने आणि कॉम्पोझिटने बंद करतात. कॅप धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू कंपनीने सांगितलेल्या जोराने, बहुधा ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटरने, मोजून आवळायचा असतो. हाताच्या अंदाजाने आवळलेला पुढे ढिला पडतो.

बाइट, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर कसे बसतात, याबद्दल काही खटकलं तर सांगायला लाजू नका. खऱ्या दाताभोवती बारीक तंतूंचा पडदा असतो, त्यामुळे केस चावला तरी कळतो. इम्प्लांटला तो नाही, म्हणून उंच झालेली कॅप तितकीशी जाणवत नाही आणि आतला स्क्रू वा कॅपचं पोर्सिलेन त्याची किंमत देतं. हलकंसं चावल्यावर बाकीच्या दाढा आधी भिडाव्यात, इम्प्लांट किंचित उशिरा. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं आवरण) करून घ्याच.

इम्प्लांटला कीड लागत नाही. पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते आणि हाड खाल्लं जातं, बऱ्याचदा न दुखता. ब्रश करताना रक्त येणं, दाबल्यावर पू येणं, हीच पहिली खूण. ब्रशशिवाय दोन्ही बाजूंनी फटीत जाणारा बारीक ब्रश रोज फिरवायचा, त्याच्या तारेवर प्लॅस्टिकचं आवरण असलेला घ्या. कॅप बसल्याच दिवशी एक एक्सरे काढून ठेवा. पुढचे सगळे एक्सरे त्याच्याशीच जुळवून बघायचे असतात.

कॅप हलली की लोक धरून चालतात की इम्प्लांटच गेलं. बहुतेक वेळा फक्त आतला स्क्रू ढिला झालेला असतो आणि पुन्हा आवळून काम होतं. त्यावर चावत राहिलात तर मात्र तो मोडतो, आणि मोडका तुकडा काढणं किचकट असतं. आता कंपनीचं नाव कामाला येतं, कारण बऱ्याच कंपन्यांच्या स्क्रूला त्यांचाच स्क्रूड्रायव्हर लागतो. इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं: कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी, लॉट नंबर. शस्त्रक्रियेच्या दिवशीच ते मागून घ्या, फोटो काढा आणि फाइलला लावा. उद्या तुम्ही नाशिकहून बेंगळुरूला गेलात किंवा मुलाकडे परदेशी गेलात, तर तिथल्या डॉक्टरांना कॅप उघडण्याआधी तोच कागद लागेल.